खूण वायफायची, डेटा सिमचा

या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी वेष पालटून येतो. कधी "आमची मोबाइल कंपनी डेटा चोरते का?" असा, कधी "आईच्या फोनला व्हायरस लागलाय का?" असा, तर कधी "दीड जीबीचा पॅक पुरत नाही, अडीचचा घेऊ का?" असा. तिन्हींच्या पोटात गोष्ट एकच असते. घरात वायफाय आहे, फोनवर त्याची ती पंख्यासारखी खूण दिसते आहे, आणि तरी सिमचा डेटा दुपारपर्यंत संपतो.

मंडळी, चोरी बहुतेक वेळा कोणी करत नाही आणि व्हायरसही नसतो. फोनच आपल्याला न विचारता ठरवतो की आत्ता वायफायमध्ये दम नाही, चला सिमवरून जाऊ. हा निर्णय तो कसा घेतो आणि आपल्या हातात कसा आणायचा, एवढाच आजचा विषय. तो तुमच्यापुढे मांडायचं कारण असं की आई-बाबा, आजी-आजोबा, काका-मावशी यांच्या फोनचं आयटी डिपार्टमेंट तुम्हीच असता. पगार नाही, सुट्टी नाही, फार तर पोहे-जलेबी मिळते.

उदाहरण घरचंच घेतो, कारण ते मी शेवटपर्यंत तपासलेलं आहे. माझी आत्या इथे इंदुरात रामबागेत राहते. जुनं घर, दीड फुटी भिंती, रस्त्याकडे बैठकीची खोली आणि मागे निजायची. आतेभाऊ नोकरीनिमित्त पुण्यात. आई-बाबांशी रोज व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी घरी फायबरचं कनेक्शन घेऊन दिलं. जोडायला आलेल्या मुलानं जिथून तार आत आली तिथेच, दाराच्या वर राउटर ठोकला आणि तो गेला. बहुतेक घरांत असंच होतं. राउटर कुठे असावा हे तार ठरवते, माणसं नाही.

आत्याचा दिनक्रम ठरलेला. जेवणं झाली, ओटा आवरला की मागच्या खोलीत आडवं व्हायचं आणि यूट्यूबवर कीर्तन लावायचं. बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात येईपर्यंत आत्याचा डोळा लागलेला असतो. फोन मात्र जागा असतो, एक कीर्तन संपलं की दुसरं आपोआप सुरू. चारच्या सुमारास ती उठते तेव्हा संदेश आलेला असतो की आजचा शंभर टक्के डेटा वापरून झाला. "रात्री बारानंतर परत येतो ना," असं म्हणून ती चहा टाकायला जाते. आतेभावानं १.५ जीबीचा पॅक बदलून २ जीबीचा केला. त्यानं एवढंच झालं की संदेश चारऐवजी साडेचारला यायला लागला.

यात आश्चर्य काही नाही. बऱ्यापैकी स्पष्ट दिसणारा व्हिडिओ सेकंदाला साधारण २ मेगाबिट खातो असं धरा. तासाला ते ९०० एमबी होतात. म्हणजे दीड जीबी संपायला एक तास चाळीस मिनिटं आणि दोन जीबी संपायला सव्वादोन तास. पॅक मोठा केल्यानं गळती थांबत नाही, टाकी तेवढी मोठी होते.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आतोबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली, जवळच्या रुग्णालयात नेलं, ईसीजी झाला, रक्त तपासायला गेलं. आतेभावाचा शाळेतला मित्र पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ आहे. तो म्हणाला, कागद पाठवा, मी लगेच बघतो. आत्यानं ईसीजीचे आणि जुन्या फाइलीतल्या कागदांचे मिळून आठ फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. फोटोवरचं गोल चक्र फिरत राहिलं. सव्वासहाला काढलेले फोटो सात वाजले तरी पुण्याला पोचले नव्हते. शेवटी शेजारच्या मुलानं तेच कागद पुन्हा आपल्या फोननं टिपून पाठवले, तेव्हा ते गेले. आतोबा ठीक आहेत, त्या दिवशीचं दुखणं पित्तावर निभावलं. पण त्या पाऊण तासात आतेभावाच्या जिवाचं काय झालं ते तोच जाणे.

फोटो का गेले नाहीत? रोजचा कोटा संपला की आपल्याकडच्या प्रीपेड पॅकवर नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. व्हॉट्सॲपनं आवळून लहान केलेला फोटोही दोन-तीनशे किलोबाइटचा असतो. असे आठ फोटो जायला कागदावर पाच मिनिटं लागतात. प्रत्यक्षात त्याच आठ किलोबाइटांवर फोनमधली वीस ॲप्स तुटून पडलेली असतात, फोटो अर्ध्यावर तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मेसेज जातात, फोटो जात नाहीत. म्हणून माणसाला वाटतं, नेट तर चालू आहे.

पुढच्या रविवारी मी तो फोन घेऊन बसलो. पहिलं काम सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा वापराचं पान उघडायचं. हे पान प्रत्येक फोनमध्ये असतं, आणि मोबाइल डेटा कोणत्या ॲपनं किती खाल्ला ते उतरत्या क्रमानं दाखवतं. आत्याच्या फोनमध्ये यूट्यूब सगळ्यांत वर, महिन्याला चाळीस जीबीच्या आसपास. घरात वायफाय असताना हा आकडा येतो याचा अर्थ घरातच कुठेतरी वायफाय सुटतंय.

कुठे सुटतंय हे शोधायचा उपाय इतका साधा आहे की लोक तो करतच नाहीत. मोबाइल डेटा बंद करायचा, व्हिडिओ लावायचा आणि फोन हातात घेऊन घरभर हिंडायचं. बैठकीत कीर्तन छान चाललं. स्वयंपाकघरातही चाललं. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी अडखळलं आणि आत्याच्या पलंगावर बसल्यावर थांबलं. वायफायच्या खुणेत मात्र तेव्हाही दोन पट्ट्या होत्या. म्हणजे रोज दुपारी नेमकं त्याच पलंगावर फोन गुपचूप सिमवर उडी मारत होता.

त्या पट्ट्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या फक्त फोन आणि राउटर यांच्यातल्या लहरी किती जोरात पोचतात ते सांगतात. राउटरच्या पुढे इंटरनेट आहे की नाही, असलं तर किती वेगानं आहे, याचा त्यांच्याशी संबंध नाही. फायबर तुटलेली असली तरी राउटरशेजारी उभं राहिलात तर पट्ट्या पूर्ण दिसतील.

हे फोनलाही ठाऊक असतं. म्हणून वायफायला जोडला गेल्यावर तो एक बारीकशी परीक्षा घेतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतो आणि तिथून २०४ या क्रमांकाचं रिकामं उत्तर येण्याची वाट पाहतो. आयफोन ॲपलच्या एका पानाला विचारतो, तिथून "सक्सेस" एवढा एक शब्द यावा लागतो. अपेक्षित उत्तर आलं तर वायफाय पास. नाही आलं तर अँड्रॉइडवर खुणेशेजारी उद्गारचिन्ह येतं आणि डेटा सिमवरून जायला लागतो. रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात वायफाय जोडलं, पण नंबर आणि ओटीपी टाकायचं पान भरलंच नाही, की नेमकं हेच होतं. वायफाय जोडलेलं दिसतं, आणि आपण गाडी येईपर्यंत सिमवर मॅच पाहत बसतो.

इथपर्यंत ठीक आहे. वायफायला नेटच नसेल तर सिमवर जाणं शहाणपणाचंच. भानगड होते ती दुसऱ्या पायरीवर, जिथे वायफाय पास झालेलं असतं पण फोनला ते रडतखडत चाललंय असं वाटतं. अशा वेळी आपण होऊन सिमकडे वळायची सोय फोन बनवणाऱ्यांनी घालून ठेवली आहे. ॲपलनं ती २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आणली, नाव वायफाय असिस्ट, आणि ती मुळातच चालू ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात यावरून कंपनीवर खटला दाखल झाला, तक्रार अशी की वायफायवर आहोत समजून वापरलेल्या डेटाचं बिल आलं. कंपनीचं म्हणणं असं की ही सोय रोमिंगमध्ये चालत नाही आणि पडद्यामागे चालणाऱ्या डाउनलोडलाही लागू होत नाही. ते खरं आहे. पण समोर उघडलेल्या ॲपला ती लागू होते, आणि आपला वेळ समोर उघडलेल्या ॲपमध्येच जातो. पुढे या सोयीखाली तिनं किती डेटा वापरला याचा आकडाही दिसू लागला. आयफोन असेल तर आज तो आकडा जरूर बघा. सेटिंग्ज, मग मोबाइल डेटा, आणि मग ॲपांची सगळी यादी ओलांडून अगदी तळाशी. एवढ्या खाली ठेवलेली गोष्ट कोणी सहज पाहत नाही.

अँड्रॉइडमध्ये हीच सोय प्रत्येक कंपनीनं वेगळ्या नावानं ठेवली आहे. सॅमसंगमध्ये वायफायच्या पानावर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की "इंटेलिजंट वायफाय" येतं आणि त्यात "स्विच टू मोबाइल डेटा". गूगलच्या पिक्सेलमध्ये "अडॅप्टिव्ह कनेक्टिव्हिटी". शाओमीत "वायफाय असिस्टंट". इतर काही फोनांत "स्मार्ट स्विच" किंवा "ड्युअल चॅनल" असे शब्द सापडतील. यातलं ड्युअल चॅनल तर वायफाय आणि सिम दोन्ही एकाच वेळी वापरतं, वेग वाढावा म्हणून. रोज दीड जीबीच्या पॅकवर जगणाऱ्या माणसाला त्या वेगाचा काय उपयोग, हे मला अजून कळलेलं नाही. आवृत्ती बदलली की ही नावं आणि जागा बदलतात, म्हणून पाठ करू नका. सेटिंग्जच्या वर शोधाची चौकट असते, तिथे "स्विच" किंवा "असिस्टंट" शोधा, बहुतेक वेळा सापडतं. सॅमसंग वापरणाऱ्यांनी आणखी एक जागा पाहावी. डेटा वापराच्या पानावर "मोबाइल डेटा ओन्ली ॲप्स" अशी यादी असते. तिच्यात चुकून एखादं ॲप चालू झालं असेल तर ते वायफाय असूनही सिमच वापरणार. यादीचं कामच ते आहे.

याच विषयावरचे व्हिडिओ तुम्हाला हमखास डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पाठवतात. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, "मोबाइल डेटा ऑलवेज ॲक्टिव्ह" बंद करा, सगळं ठीक होईल वगैरे. हा पर्याय अँड्रॉइडच्या ८ व्या आवृत्तीपासून मुळातच चालू असतो. तो सिमचं डेटा कनेक्शन तयार ठेवतो, म्हणजे वायफाय सुटलं तर क्षणाचाही खंड पडू नये. एरवी डेटा वायफायवरूनच जातो. बॅटरी किंचित जास्त जाते एवढंच. चाळीस जीबीचा चोर तो नव्हे, आणि ज्या पानावरचे निम्मे शब्द आपल्यालाही कळत नाहीत तिथे आईला पाठवू नये.

पुन्हा रामबागेत. आत्याचा स्वतःचा सिद्धान्त वेगळाच होता. "अरे, आपल्याकडे फाइव्ह जी आहे ना? ते तर अनलिमिटेड असतं." फोनमध्ये वायफायच्या नावापुढे खरंच ५जी लिहिलेलं होतं. हा घोटाळा घरोघरी आहे. राउटरच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, वायफायचा एक पट्टा. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. दोघांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं सारखं. शिवाय अनलिमिटेड ५जी ठरावीक पॅकवरच मिळतं, आणि तेही फोन ५जीच्या सिग्नलवर असेपर्यंतच. जाड भिंतींच्या आत सिग्नल ४जीवर घसरला की रोजच्या कोट्यातून मोजणी सुरू.

वायफायचे पट्टे मुख्यतः दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा वेग जास्त, पण भिंतींपुढे तो लवकर हात टेकतो. दोन पॉइंट चारचा वेग कमी, पण तो भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत चिकाटीनं जातो. कीर्तनाला २ मेगाबिट लागतात, ते त्याला सहज जमतं. मग आम्ही राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि आत्याच्या फोनमध्ये फक्त २.४ चं नाव ठेवलं, दुसरं पुसून टाकलं. त्याहून मोठा फरक पडला तो राउटर हलवल्यानं. वायरमनला बोलावून तार वाढवून घेतली आणि राउटर बैठकीतून मधल्या बोळात आणला. त्या दिवशी फोनच्या सेटिंग्जमध्ये मी जेवढा वेळ घालवला त्याच्या निम्म्या वेळात हे काम झालं आणि खरा गुण त्यालाच आला. तुमच्या घरातही मागची खोली, गच्ची किंवा मोरी रडत असेल तर आधी राउटरची जागा बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, देवघराच्या कोनाड्यात, अशा सगळ्या ठिकाणी मी राउटर पाहिलेले आहेत.

आता सिमकडे वळायची ती सोय बंद करायची की नाही? इथे सगळ्यांना एक औषध चालत नाही. आत्याच्या फोनमध्ये आम्ही ती बंद केली. दुपारच्या कीर्तनाला खंड पडला तरी बिघडत नाही, कोटा संपला तर बिघडतं. त्याबरोबर तिला एकच गोष्ट शिकवली: वायफायची खूण असून व्हॉट्सॲप अडलं, तर वरून पडदा ओढून वायफाय बंद करायचं. ते तिला जमतं. आतोबांच्या फोनमध्ये मात्र ती सोय चालूच ठेवली. त्यांच्या फोनवर डॉक्टरांचे कॉल येतात, बोलता बोलता ते अंगणात जातात, तिथे कॉल तुटून चालणार नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूनं बंदोबस्त केला. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कवर किती स्पष्ट व्हिडिओ दाखवायचा ते ठरवता येतं, ते सगळ्यांत कमीवर आणलं. आयफोन असता तर यूट्यूबपुरता मोबाइल डेटाच बंद करता आला असता. बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही ॲपवार अशी बंदी घालता येते. जिथे नसते तिथे डेटा सेव्हर असतो, तो पडद्यामागे चाललेल्या ॲपांना सिमवर हात मारू देत नाही.

"मग घरी असताना मोबाइल डेटा बंदच ठेवायला सांगू का?" हा पुढचा प्रश्न. तुम्ही स्वतः खुशाल ठेवा. वडीलधाऱ्यांना सांगू नका, असं माझं मत आहे. ती माणसं डेटा बंद करून भाजी आणायला जातात, यूपीआय चालत नाही, मागे रांग लागते, भाजीवाला बघतो, आणि पैसे कापले गेले की काय या धसक्यात घरी येतात. जी गोष्ट दिवसातून चार वेळा आठवून करावी लागते ती त्यांच्यावर टाकण्यापेक्षा एकदाच सेटिंग लावून दिलेलं बरं.

एक गैरसमज मात्र दूर करून द्या. डेटा बंद असला तरी साधे कॉल येतात आणि बँकेचा ओटीपीही एसएमएसनं येतोच. "डेटा बंद केला की फोन लागत नाही" ही समजूत कुठून आली असेल याचा माझा अंदाज असा: सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा अनेकांच्या ४जी फोनमध्ये त्या नेटवर्कवर थेट कॉल करायची सोय नव्हती, त्यांना वेगळं ॲप टाकून डेटावरून बोलावं लागायचं. ते फोन गेले, समजूत राहिली.

ॲपांची साफसफाई पटकन उरकता येते. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटा या पानावर, मोबाइल डेटा असताना आपोआप काय उतरवायचं ते विचारलेलं असतं, तिथल्या सगळ्या खुणा काढा. कुटुंबाच्या पाच ग्रुपांवरचे सुप्रभात वायफाय आल्यावर उतरतील, सकाळ तोवर जात नाही. प्ले स्टोअरला अपडेट फक्त वायफायवर करायला सांगा. गूगल फोटोजच्या बॅकअपला मोबाइल डेटा देऊ नका, लग्नाहून परतताना बसमध्येच चारशे फोटो चढवायला घेतं ते.

आयफोनवाल्या तरुण मंडळींसाठी एक खास गोष्ट. वरून ओढायच्या कंट्रोल सेंटरमध्ये वायफायचं बटण दाबलं की वायफाय बंद होत नाही, चालू नेटवर्क सोडून फोन फक्त बाजूला होतो. तो पुन्हा आपण होऊन जोडला जाईल तो तुम्ही दुसऱ्या जागी गेलात तर, फोन बंद-चालू केलात तर किंवा पहाटे पाच वाजता. म्हणजे संध्याकाळी सहाला ऑफिसातून आल्यावर घरचं वायफाय अडखळलं म्हणून बटण दाबलंत आणि विसरलात, तर रात्रभराची वेब सिरीज सिमवर. परत जोडायला तेच बटण पुन्हा दाबायचं, एवढंच.

हॉटस्पॉटचा विषय याला लागूनच आहे. इंदूरहून पुण्याला निघालं की गाडीत कोणीतरी एक हॉटस्पॉट चालू करतो आणि बाकीचे त्याला जोडले जातात. जोडणाऱ्याच्या फोनला हे वायफायच वाटतं. आता सगळं फुकट आहे असं समजून तो अपडेट उतरवतो, फोटो चढवतो, आणि पॅक संपतो हॉटस्पॉट देणाऱ्याचा. एका अँड्रॉइड फोननं दुसऱ्या अँड्रॉइडला हॉटस्पॉट दिला तर तो हळूच सांगतो की हे मोजून मिळणारं नेट आहे, जपून वापर. आयफोन आयफोनलाही ओळखतो. पण अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटला आयफोन जोडला तर त्याला ते कळत नाही. त्या नेटवर्कच्या नावापुढची "आय" ची खूण दाबून लो डेटा मोड चालू करावा लागतो. विंडोजच्या लॅपटॉपवर त्या नेटवर्कच्या पानावर "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. भाच्याच्या लॅपटॉपनं रतलाम येण्याआधी विंडोजचं अपडेट उतरवून माझा दिवसाचा पॅक संपवल्यापासून हॉटस्पॉटचा पासवर्ड देण्याआधी मी लॅपटॉप मागून घेतो.

आणि दिवे गेले की? आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की राउटरही जातो आणि घरातले चारही फोन एकदम सिमवर येतात. इथे फोनचं बरोबरच आहे, वायफाय उरलेलंच नसतं. राउटरसाठी हाताच्या तळव्याएवढा छोटा यूपीएस मिळतो, राउटर काही तास त्यावर चालतो. घेताना राउटरच्या ॲडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की आणखी काही, आणि अँपिअर किती, ते वाचून दोन्ही जुळतील असाच घ्या. रामबागेत तो आम्ही बोळातल्या राउटरखालीच ठोकला आहे. आत्याला चारचा संदेश हल्ली येत नाही, पण वीज गेली की यूपीएसचा हिरवा दिवा लागलाय की नाही हे ती टॉर्च घेऊन बघून येते.